तारेत

कोह्तला-यार्वेच्या त्या घरात एक पियानो होता,
कुणा वारलेल्या बाईच्या मुलांनी देऊन टाकलेला,
इकडून शेगडीची धग, तिकडून खिडकीतला बर्फ,
दोघांनी मिळून वर्षानुवर्षं ओढलेला.
आलो त्या दिवशी झाकण उघडलं
आणि मिटलं.
बावीस वर्षं लोकांचे पियानो सुरात लावले मी,
त्यातली नऊ स्वतः तारेत.

मारेत दर सोमवारी विचारते, शून्य ते दहात किती?
तलफ, म्हणजे.
वादिम बोटं दाखवतो, तोंड उघडत नाही.
आइली म्हणते, सहा, पण ते गुडघ्याचं असेल.
मग मारेत गाणं लावते, पुन्हा विचारते,
वहीत लिहिते.
तिला वाटतं, गाणं नेहमी चांगल्याच घरी घेऊन जातं.

परवा ल्युबा बटाटे सोलत होती, रेडिओ चालू.
पहिले चारच स्वर आले.
माझ्याआधी माझ्या जिभेने ओळखलं:
टाळूला कडू पाणी, तळवे ओले,
आणि तार्मोची लाल गाडी, काचा धुरकटलेल्या,
राखेच्या टेकडीखाली उभी.
हेच गाणं. हाच ठेका.
तार्मो अजून जिवंत, चमचा अजून त्याच्या हातात.

नऊ, मी भिंतीला सांगितलं.
ल्युबाने रेडिओ बंद केला.
रेडिओ बंद झाला.

पियानोचा पाना माझ्या बॅगेच्या तळाशी होता, मोज्यात गुंडाळलेला.
बाकी सगळं विकलं, तो कुणी घेतला नव्हता.

मधल्या सप्तकात एकेका स्वराला तीन तारा असतात.
एक धरायची, दुसरी तिच्याकडे न्यायची.
अगदी जवळ आल्या की हवेत थरथर सुरू होते,
वांव वांव वांव,
दोन सख्ख्या जावांच्या भांडणासारखी.
पाना केसभर फिरवायचा.
वांव... वांव...
घाई केली की तुटते.

मी तलफेशी लढत वगैरे नव्हतो.
मोजत होतो.
सेकंदाला पाच, मग तीन, मग एक,
मग इतकी लांब, की एक अख्खा श्वास तिच्यात बसावा.
सात स्वर लावून झाले तोवर
ल्युबाचं सूप उकळून खाली उतरलं होतं.

किती? मारेत दारातून म्हणाली.
चार. साडेचार असेल.
तिने साडेचार लिहिलं. प्रामाणिक बाई आहे.

शून्य होत नाही, हे सांगायचं राहून गेलं.
पियानो पुरता शुद्ध लावताच येत नाही, मारेत;
थोडा खोटेपणा उरतोच.
तो सगळ्या सुरांत चिमूटचिमूट वाटून द्यायचा असतो,
म्हणजे एकाच जागी बोचत नाही.

रात्री वादिम आला, अनवाणी.
ते रेडिओवरचं येतं तुला?
येतं.
मग?
मी एका बोटाने, पायऱ्या चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखं,
चार स्वर वाजवले, आणि थांबलो.
माझ्या जिभेवर काहीतरी आलं. फार नाही.
पाचवा त्याने शोधला, चुकला.
शेजारचा दाबला, तोही नाही.
मी सांगितलं नाही कुठला.
बाहेर बर्फ ओढणारी गाडी गेली,
आणि तो अजून शोधतच होता, एकेक पट्टी,
पाय पायावर घासत.