खिट्टीची बाजू

रिवका तळकर आली तेव्हा मी
एका शिलाई मशीनच्या शटलशी भांडत होतो.
रास्ता पेठेतून नाना पेठेपर्यंत भर उन्हात चालत,
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात
वडिलांचं मासेमारीचं रीळ.
"फिरत नाही," म्हणाली. "फिरतं करा. चकाकी नको."

इतकं कमी बोलणारं गिऱ्हाईक मला आवडतं.

पितळेवर हिरवा कळंक,
ग्रीस वाळून गुळाच्या ढेपेसारखं.
आधी दोरी सोडवली:
वर तंगूस, पिवळा पडलेला,
त्याखाली मेण लावलेली सुती दोरी,
आणि अगदी तळाशी, आसाला गुंडाळलेली
पीएमटीची तिकिटं. जाडी भरायला.
मीही तेच केलं असतं.
शाई उडालेली, कंडक्टरची भोकं तेवढी शाबूत.

रात्रभर रॉकेलमध्ये ठेवलं.
सकाळी एकेक स्क्रू काढून
जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मांडला,
निघाला त्याच क्रमाने.
परत यायचं असेल तर जाताना खुणा ठेवाव्यात,
असं आमचे खैरमोडे मिस्त्री म्हणायचे,
अर्थात ते दारूबद्दल बोलत असायचे.

तिसऱ्या दिवशी ती सहज डोकावली, स्टुलावर टेकली.
"बाबा खडकीला प्रेसवर होते.
चौऱ्याहत्तर साली उजव्या हाताची तीन बोटं
तिथेच राहिली. त्यानंतर गळ धरला नाही.
त्याआधी दर रविवारी खडकवासला.
खवल्यांचा मासा असला तर घरी,
शिंगाळा, वाम लागला की
गळ सोडवून पाण्यात परत.
आपल्यात चालत नाहीत ना.
आई म्हणायची, तुमच्या हाताला
सोडलेल्यांचाच वास जास्त येतो."

मी हं हं करत होतो, आणि माझ्या चिमट्यात
होती खिट्टी, नखाएवढी,
दातेरी चाकावर अडणारी.
कारखान्यात तिला आम्ही कुत्रं म्हणायचो:
एका बाजूने गपचूप जाऊ देतं,
दुसऱ्या बाजूने भुंकतं.
उलटून बसवलं की रीळ डाव्या हाताचं होतं.

उलटून बसवलेलं होतं.

स्क्रूच्या खाचेभोवती ओरखडे,
अनाडी हाताचे नव्हेत, अवघडलेल्या हाताचे.
चाकाचे दात दोन्हीकडून झिजलेले,
एका अंगाने खोल,
दुसऱ्या अंगाने त्याहून खोल.

यंत्राचं बिंग गिऱ्हाइकाला सांगायचं असतं.
माणसाचं सांगायचं की नाही
हे आयटीआयमध्ये शिकवलं नव्हतं.
मी काही बोललो नाही. भिंग तिच्या हातात दिलं,
दिवा जरा जवळ ओढला,
आणि कुठला दात कशाने झिजतो, एवढंच सांगितलं.

बराच वेळ बघत होती.
खाली कुणीतरी भंगारवाल्याशी पत्र्यावरून हुज्जत घालत होतं.
मग म्हणाली, "रविवारी ओव्हरटाइम असायचा.
शहाऐंशीपर्यंत. डबा घेऊन जायचे."
भिंग खाली ठेवलं.
"घरी एकही मासा आला नाही.
म्हणजे खवल्यांचेसुद्धा
सोडून देत होते."

चहा मागवला. दोघांनीही अर्धाच प्यायला.

जुळवताना एक वॉशर उरला. उरतोच.
पुन्हा खोललं, पुन्हा बसवलं.
तिकिटं तळाशी, होती तशीच,
वर सुती दोरी, वर तंगूस.
फक्त खिट्टी राहिली होती.
"कुठल्या बाजूला?" मी विचारलं.
म्हणाली, "मला काय विचारता,
त्यांनी ठेवली होती तिकडे."

पैसे देताना सुटे नव्हते. राहू द्या म्हटलं, तर ऐकेना,
वाण्याकडून मोडून आणले.
मी शटलकडे वळलो.
जिन्यावर तिने डब्यातच फिरवून बघितलं असणार:
रिक्षांच्या हॉर्नमधून
कुत्रं दोनदा भुंकलं,
आणि जरा थांबून
पुन्हा.