बाकी

साइट तिची वर्षापूर्वीच उभी केली मी,
भाड्याच्या जागेवर. अठराशे रुपये साल.
जागा नेमकी कुठे, ते मलाही माहीत नाही;
पुष्पलताकाकूला वाटतं, भुसावळच्या पुढे कुठेतरी.

तीन फोटो : बिबडे, कुरडया, केळीचे वेफर.
खाली तिचा नंबर. लोक ऐन जेवणाच्या वेळी फोन करायचे,
भाव विचारून ठेवून द्यायचे.

आज दार बसवायचं आहे, पैसे आत येण्याचं.
फैजपूर, एप्रिल, दुपारचे दोन.
बॅटरीच्या दुकानावरची माझी खोली,
कूलरमध्ये पाणी नाही, नुसता आवाज,
आणि फॉर्म विचारतो : नाव.

पॅनवर पुष्पलता तोताराम फेगडे.
आधारवर पुष्पाबाई.
बँकेत फेगडे पी. टी., जणू शाळेतला कवायतीचा तास.
नाव जुळत नाही, म्हणतो फॉर्म, लाल अक्षरांत, तीनदा.
"तिन्ही मीच ना रे भो," काकू म्हणते,
"विचार त्याले, पहाटं चारले घाटा हाटते
ती यातली कोणती?"

व्यवसायाचा प्रकार निवडा.
सोनेचांदी, शिकवण्या, सहली, औषधं;
यादी खाली खाली जात राहिली, बिबडे आले नाहीत.
मी 'इतर'वर बोट ठेवलं.
काकू काही बोलली नाही,
फक्त पाण्याचा तांब्या जरा जोरात ठेवला.

परताव्याचं धोरण लिहा, किमान पन्नास शब्द.
माल तुटून पोचला तर?
"बिबडा तुटतोच. तुकडे करूनच भाजतात.
लिही, तुटला म्हणजे समजावं, आपलाच हाये."
लिहिलं. चाळीसेक शब्द कमी पडले,
ते मी इकडचे तिकडचे भरले.

मग पर्याय : कार्ड, यूपीआय, नेटबँकिंग, वॉलेट.
एकेक हिरवी खूण करत गेलो.
चष्मा पुसून तिनं यादी दोनदा वाचली.
"अन् 'पुढच्या महिन्यात देते', ते कुठी हाये?"
नाही, म्हटलं.
"'नणंदेजवळ देऊन ठेवलेत'?"
नाही.
"'बदल्यात तुरीची डाळ घ्या'?"
काकू, असं नसतं.
"मंग माझं निम्मं गिऱ्हाईक
या दारातून मावणार कसं?"

मला उत्तर सुचलं नाही. खाली केळीचा ट्रक
कुणी मागे घेत होतं, आणि एक पोरगं
ओरडत होतं, येऊ द्या, येऊ द्या, बस्स.

शंभराला दोन रुपये कापतील, हे मी उशिरा सांगितलं.
"अडत," ती लगेच म्हणाली.
सावद्याच्या बाजारात तिच्या बापानं
जन्मभर केळीवर अडत दिली.
"पण तो अडत्या समोर गादीवर बसायचा,
चहा पाजायचा. याचं तोंड कसं हाये?"
याला तोंड नाही, काकू. एक निळं बटण आहे.
पैसे तिसऱ्या दिवशी खात्यात येतील.
हे मात्र तिला पटलं.
ज्वारीही तीन दिवस भिजते.

माझ्या मजुरीचा विषय दोघांनीही काढला नाही.

चाचणी हवी होती, खऱ्या पैशांची.
रुपया पाठवतो, म्हणालो.
तिनं पिशवीतून वही काढली, बोटाला थुंकी,
पानं मागे, मागे, गेल्या उन्हाळ्यापर्यंत :
"हितेंद्र, बॅटरीवाल्याच्या वरचा. तीनशे चाळीस.
रुपया काहाले? हेच पाठव."

कार्डाचे सोळा आकडे. ओटीपी. एक गोल फिरत राहिला,
लाईट जाते की काय, असं वाटण्याइतका वेळ.
मग तिचा फोन टणकन वाजला.
काकूनं त्याकडे पाहिलं नाही. आधी वहीत
माझ्या नावावर आडवी रेघ मारली,
रेघ सरळ येईस्तोवर श्वास धरून.

चौथ्या दिवशी परत आली, वही उघडीच.
खात्यात तीनशे तेहतीस रुपये वीस पैसे.
आणि नव्या पानावर, सगळ्यात वर,
स्वच्छ अक्षरात :
हितेंद्र. सहा रुपये ऐंशी पैसे. बाकी.