हात करू नये

बस, श्याओ निंग. त्या पोत्यावर नको, ते ओलं आहे.
बॉयलरकडे पाठ कर, उजेड पानांवर पडू दे,
आणि पानं अशी धर की
थान आचाऱ्याच्या चष्म्यात दिसणार नाहीत.
बाहेर उणे एकतीस. सोंगहुआ नदीवरून ट्रक चाललेत.
कोळसा पुन्हा दोनला घालायचा.
तोवर डुक्कर.

बावन्न पानं, चौघं, तेरा-तेरा.
या खेळात हुकूम नाही.
(बाहेर आयुष्यभर तेच होतं, म्हणून आवडतो.)
ज्या रंगाची उतारी, तोच रंग द्यायचा.
मोठं पान ज्याचं, हात त्याचा,
आणि हात त्याचा म्हणजे त्यातली घाणही त्याची.
बाकीच्या खेळांत लोक हात करतात.
इथे हात वर करायचे.

इस्पिकची राणी, ती डुक्कर. शंभर वजा.
चौकटचा गुलाम मेंढी, शंभर जमा,
त्याच्यासाठी मात्र लाज सोडून पुढे हो.
किलवरची दश्शी एकटी आली तर पन्नास देते,
सोबत काही आणलं तर त्याची दुप्पट करते.
माझी नणंद अशीच आहे.
बदाम सगळे दुखरे:
एक्का पन्नास, राजा चाळीस, राणी तीस, गुलाम वीस,
दश्शीपासून पंजीपर्यंत दहा-दहा.
चव्वी, तिर्री, दुर्री, शून्य.
लहानांचं दुखणं इथेही कोणी धरत नाही.

तेराच्या तेरा बदाम एकट्यानं उचललेस
तर दोनशे वजाचे दोनशे जमा होतात.
बारा उचलून एक निसटला,
तर मेलास.
मी चोवीस वर्षांत दोनदा उचललेत.
दुसऱ्यांदा चुकून.

डुक्कर कसं बाहेर काढायचं?
छोटी इस्पिकं उतरत राहायची.
सत्ती, चव्वी, मग पंजी, घाई नाही.
जिच्याकडे राणी, तिची आजूबाजूची पानं संपत जातात.
चेहरा बघू नकोस, अंगठा बघ.
आणि एक्का किंवा राजा तुझ्याकडे एकटा असेल
तर आधीच, राणी पडायच्या आत, खपवून टाक.
उघडा एक्का घेऊन शेवटपर्यंत बसणाऱ्याला
देवही विचारत नाही.

कागदाची गिरणी अर्धी बंद झाली त्या वर्षी
वरून चिठ्ठी आली: बॉयलरमधून एक नाव द्या.
चौघंच होतो.
तीन रात्री आम्ही छोटी इस्पिकं टाकत राहिलो.
थान म्हणाला, दमा.
मी म्हणाले, पोरगी शाळेत.
पाय म्हणाला, सासरा अंथरुणावर.
मग पुन्हा दमा.
चौथ्या रात्री छू त-हाय म्हणाला, माझं लिहा.
आणि कोळसा घालायला उठला, त्याची पाळी नसताना.

थान त्याला अजून त्याग म्हणतो, दोन पेले झाले की.
मी म्हणत नाही.
मी पानं मोजत होते, मला ती सवय आहे.
ना दमा, ना पोर, ना सासरा.
त्याच्याकडे टाकायला दुसरं काही उरलंच नव्हतं,
आणि उरलं नाही हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं.
म्हणून तर इस्पिकं चालली होती.

असो. वजा हजारला जो पोचेल तो हरला.
पानं टेबलावर पालथी पसरायची,
हात पाठीमागे,
आणि नाकानं ढोसत ढोसत राणी शोधायची.
आम्ही हसतो. तूही हस, राग धरू नकोस.
कोळशामुळे नाक काळं होतं,
मग कुठलं पान हुंगून झालं ते आपोआप कळतं.

तो आता हार्बिनमध्ये कुठल्याशा इमारतीची लिफ्ट चालवतो.
दर नववर्षाला येतो म्हणतो.

पानं लावलीस का रंगवार?
किलवरची दुर्री तुझ्याकडे आहे, अंगठा सांगतोय.
मग उतारी तुझी.

काय बघतोस?
ते पोतं?
नाही, ओलं नाहीये.
उतर.