पहिल्या आठवड्यात वीस टक्के

खाण बंद झाली त्या वर्षी एर्विनने समुद्र विकत घेतला.
चारशे लिटर. मीठ बादलीतून आलं, खडक कुरिअरने,
आणि पाणी भरल्यावर कळलं
की बिटोममधलं आमचं घर कललंय.
काचेची कड एकीकडे उतरत गेलेली,
पाणी मात्र आपल्या जागी सपाट.
घराखालचा कोळसा ज्यांनी उपसला, त्यांत हाही होता.
डाव्या पायाखाली त्याने पाचर सारली,
बोलला काही नाही.

मग उजेडाचा प्रश्न आला.

तीन महिने जेवणाच्या टेबलावर दिव्यांची माहितीपत्रकं,
सूपच्या डागांसकट.
नळ्यांचा उजेड सगळीकडे सारखा पडतो, पण वर्षभरात म्हातारा होतो.
जुने हॅलाइड दिवे सूर्यासारखे,
आणि त्यांचं बिलही तसंच, मान वर करून बघवत नाही.
एलईडी थंड डोक्याचे,
पण फांदीच्या पोटाखाली सावली ठेवतात,
आणि पोवळं म्हणे आधी सावलीकडूनच मरत जातं.

दुकानातला कोर्नेल, पंचविशीचाही नसेल,
म्हणाला, हा घ्या, सगळ्यात जोरदार.
एर्विनने विचारलं, कमी किती होतो?
कोर्नेल म्हणाला, कमी?
"एक टक्क्यावर येतो का?"
असलं गिऱ्हाईक पोराने पाहिलं नव्हतं.
डबा फोडून त्याला पुस्तिका वाचावी लागली.

माझं भांडण निळ्याशी होतं.
त्या उजेडात मी बुडून वर आलेल्या बाईसारखी दिसते.
टोमॅटो काळा. आणि आजीकडून आलेली,
लग्नात घातलेली माझी लाल पोवळ्यांची माळ,
तीही काळी, जांभळाच्या बियांसारखी.
एर्विन म्हणाला, ट्रुडा, त्यांना निळाच लागतो.
खोल जाताना बाकीचे रंग वरच गळून पडतात,
लाल सगळ्यात आधी.
बत्तीस वर्षं सातशे मीटर खाली उतरलेला माणूस
हे असं सांगत होता
जणू पिंजऱ्यातून जाताना त्याने ते पडलेले पाहिले होते.

राइनहोल्डकडून उजेड मोजायचं यंत्र आणलं,
झाडूच्या दांड्याला बांधून पाण्यात बुडवलं,
आकडे भिंतीवर पेन्सिलीने लिहिले. माझ्या भिंतीवर.
दिवा टांगला.
आणि बटण वीसवर नेऊन थांबला.

एवढे पैसे मोजून वीस टक्के?
मी विचारलं, आणि विचारताना आठवलं.

छत बसलं होतं तेव्हाचं. चार दिवस.
पाचव्या दिवशी चौघांना वर आणलं,
डोळ्यांवर ओला टॉवेल बांधून.
मी फाटकाशी. मला त्याने बघायला हवं होतं,
मी होते, हे त्याने बघायला हवं होतं.
टॉवेलला हात घातला तर बचाव पथकातल्या माणसाने
माझं मनगट असं धरलं की आठवडाभर वळ होता.
नंतर इस्पितळात एक नर्स पडदा सरकवायची,
आज बोटभर, उद्या दोन बोटं.
माझा चेहरा त्याच्यापर्यंत हप्त्याहप्त्याने पोचला.
केस विंचरून गेले होते ते पहिले तीन दिवस वायाच.

याबद्दल तो बोलला नाही. मीही नाही.
दर रविवारी चर्चहून आलो की बटण पाच टक्के पुढे जातं,
बूट काढायच्या आधी.

काल पस्तीस झाले.
वीज अजून कोळशाचीच येते, दुसऱ्या कुणाच्या खाणीतून.
स्वयंपाकघरातला माझा पिवळा बल्ब मी बदलू दिलेला नाही.
पण रात्री दहाला, दिवा एक टक्क्यावर आला की,
कधी कधी माळ घालून काचेपाशी उभी राहते.
आत नखाएवढं काहीतरी हिरवं उघडलेलं असतं.
गळ्यातल्या काळ्या मण्यांना ते ओळखतं का, बघते.

एर्विन म्हणतो, जवळ जाऊ नकोस, सावली पडते.