डबा उघडण्याआधी

बारा पंचवीसला भोंगा होतो.
शांतवन होनगेकर हात धुतो, पॅन्टला पुसतो,
रंध्याच्या भुशावर पेपर अंथरतो
आणि डोळे मिटतो.
मी डब्याच्या झाकणावर बोट ठेवून बसतो.
उद्यमबागेतल्या या पॅटर्न शॉपमध्ये एकवीस वर्षं झाली,
देव मी मानत नाही,
पण त्याच्या आमेनआधी भाकरी मोडत नाही.

पहिल्या वर्षी मोडली होती.
मुद्दाम. कांदाही फोडला होता बुक्कीनं, मोठ्यानं.
त्यानं डोळे उघडले, म्हणाला,
"अर्धा दे की मर्दा."

भांडलो नाही असं नाही.
तिसऱ्या गेटपाशी मालगाडी जाईस्तोवर
स्कूटर बंद करून किती वेळा भांडलो.
मी म्हणायचो, तुझा देव एवढा चांगला,
तर बसलिंगाची बोटं प्रेसमध्ये का गेली?
तो म्हणायचा, ठाऊक नाही.
मला वाटायचं, जिंकलो.
मग तो विचारायचा, "आणि तू महिनाभर त्याच्या घरी
डबा का पोचवलास? तुझ्या हिशेबानं
वरून कुणी बघत नव्हतं."
बसलिंग बघत होता, मी म्हणायचो.
तो गप्प. मीही गप्प.
गेट उघडायचं, आणि मागचे लोक
दोन्ही भाषांत आम्हाला शिव्या घालायचे.

एकदा म्हणाला, आपलंच काम बघ.
लाकडाचा आकार करायचा,
काळ्या वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा.
मागं राहते ती नुसती पोकळी.
"माझ्यात अशी एक जागा आहे, परशराम.
कुणीतरी इथं दाबून गेलंय."
मी म्हणालो, ते लाकूडही तूच तासलं असशील.
तो रंध्याचं पातं उजेडात धरून धार बघत राहिला.
"असेलही," म्हणाला,
"पण पंप पाणी काढतोय की नाही?"
याचं उत्तर मी अजून शोधतोय.
त्यालाही घाई दिसत नाही.

इंदू गेली तेव्हा
प्रत्येकानं मला काही ना काही दिलं:
कुणी अंगारा, कुणी पोथी, कुणी नुसता सल्ला.
विधी करणार नाही म्हटल्यावर
भाऊबंद फाटकातूनच परतले.
शांतवन आला, पायरीवर बसला.
ती कुठं गेली यावर चकार शब्द काढला नाही.
आठ दिवसांनी नळाला पाणी आलं होतं,
उठून त्यानं दोन पिंपं भरली.
निघताना, चपलेत पाय घालता घालता, विचारलं,
"मी प्रार्थना करू का?
इथं नव्हे. माझ्या घरी."

मी बराच वेळ बोललो नाही.
नको म्हणता आलं असतं.
तेवढ्यासाठीच तो
एका पायात चप्पल घालून थांबला होता.

कर, म्हणालो.
पण नाव नीट घे.
रेशनकार्डावर लिहिलंय इंद्रावती,
मतदार यादीत हिंदुमती,
दवाखान्याच्या पावतीवर तर परशरामची बायको.
आयुष्यभर ऑफिसांतून फिरलो, दुरुस्त झालं नाही.
इंदुमती परशराम कडोलकर.
एका ठिकाणी तरी बरोबर जाऊ दे,
तिथं ऐकणारा असो वा नसो.

त्यानं कानामागची पेन्सिल काढली,
वीजबिलाच्या पाठीवर लिहिलं, मला दाखवलं.
"दु ऱ्हस्व की दीर्घ?"
दु ऱ्हस्व. ती दीर्घ.
त्यानं एक वेलांटी खोडली, पुन्हा काढली,
कागद घडी करून वरच्या खिशात ठेवला,
जिथं त्याचा चष्मा असतो.

परवा त्याची प्रार्थना जरा लांबली.
माझी आमटी निवली.
ओठ हलताना दिसत होते,
काय म्हणतो ते मी ऐकत नाही,
ऐकायचं नसतं ते.
शेवटी डोळे उघडून माझ्या डब्याकडं बघितलं.
"आज कांदा नाही आणला?"
आणलाय की, म्हणालो.
थांबलो होतो.