रिपीट

अशोक चौकातल्या दवाखान्यात
मे महिन्याच्या दुपारी
घामावर वाट्या टिकत नाहीत.
मी पुसते, जेली लावते, पुन्हा दाबते.
लाल उजव्या मनगटाला, पिवळी डाव्या,
हिरवी आणि काळी पायांना,
छातीवर ओळीने सहा.

मल्लेशम येमूल, वय अडुसष्ट,
चादरीच्या कारखान्यात चाळीस वर्षं
चौकटीच्या कागदावर मोर भरत बसलेले,
कान मागांना देऊन टाकलेले.
"करंट देणार का?" जरा मोठ्यानेच.
नाही म्हटलं, तुमचाच आहे.
आम्ही नुसतं ऐकतो.

बाकीचं सांगितलं नाही,
बोलण्यात गुंतलं माणूस की रेघ थरथरते.
उजव्या कप्प्याच्या माथ्यावर
करंगळीच्या पेराहून लहान मुकादम बसतो,
तोच भोंगा देतो.
वरचे कप्पे आवळतात:
कागदावर एक बुटका उंचवटा.
मग मधल्या दाराशी हुकूम जरा अडतो,
वरचं रक्त खाली उतरेपर्यंत,
आणि खालचे दोन्ही एका झटक्यात:
सुळका.

यंत्र कुरकुरलं.
पट्टी फाडायला गेले तर
"आगम्मा," म्हणाले,
माझ्या आईच्या भाषेत. थांब.
चष्मा मागितला.
नख टेकवलं उंचवट्यावर,
सुळक्यापर्यंत मोजलं:
पाच घरं.
पुढे सात.
पुढे आठ.
त्याच्यापुढे उंचवटा एकटाच,
मागे कोरा कागद.
आणि पुन्हा पाच.

"चूक नाही ही, पोरी.
दोरा तुटला तर एकदाच तुटतो,
कारागीर गाठ मारून पुढं जातो.
हे तर रिपीट आहे."

अर्ध्या तासाने डॉक्टर आले,
तेच म्हणाले, फक्त नाव परदेशी.
घाबरायचं कारण नाही,
बीपीची एक गोळी बदलू,
पुढल्या सोमवारी परत काढू.

"त्या कोऱ्या जागी काय असतं?"
जाताना त्यांनी मलाच विचारलं.
भोंगा होतो, म्हटलं,
खाली ऐकू जात नाही.
ते आपल्या कानाला हात लावून
बराच वेळ काही बोलले नाहीत.

पट्टी घडी घालून खिशात ठेवली.
उन्हात ठेवू नका, मी म्हटलं,
या कागदावरची रेघ उडून जाते.
सोलापुरात. मे महिन्यात.
तेव्हा मात्र हसले.
"म्हणजे रंग पक्का नाही म्हण की."