नटेटेचं भाडं

पंपाच्या छपराखाली आम्ही तेवीस जण,
तेवीस बोडा,
आणि एक शेंगदाणेवाली, जिला पाऊस मानवतो.
पंपावरचा पोरगा दर पाच मिनिटांनी ओरडतो,
पेट्रोल भरा, नाहीतर निघा.
कुणी निघत नाही. कुणी भरतही नाही.
म्हातारा काग्ग्वा टाकीवर आडवा,
हेल्मेट उशाला.

सरोवरावरून येणारा पाऊस
आधी मुन्योन्योला काळं करतो, मग माकिन्द्येला,
मग आपल्या देखत समोरची टेकडी पुसून टाकतो,
जमलं नाही म्हणून गणित पुसावं तशी.

तेव्हा ती आली.
एका हाताने डोक्यावर प्लास्टिकची खुर्ची उलटी धरलेली,
दुसऱ्या हाताने पोटाशी एक खोका.
"नटेटे," म्हणाली. "एकच्या आत."
एक वाजायला वीस मिनिटं होती.
तेवीस जणांनी तेवीस दिशांना पाहिलं.

भाव मी तिप्पट सांगितला, हे कबूल.
तिने घासाघीस केली नाही.
खुर्ची शेंगदाणेवालीला दिली, म्हणाली, बस,
आणि माझ्या मागे चढली.
खोका आमच्या दोघांच्या मध्ये.

"केक आहे. भाचीच्या मागणीचा.
रात्रीतून दोनदा वीज गेली, शेवटी कोळशावर भाजला.
तिचं नाव कडेला लिहिलंय, हिरव्या साखरेनं,
मागे रेलू नकोस."

पाऊस वरून पडतो, असं पायी चालणाऱ्यांना वाटतं.
आम्हाला तो समोरून येतो.
काच खाली घेतली तर धुकं, वर केली तर सुया.
मी वर करतो. डोळे बारीक.
पुढचा ब्रेक विसरायचा.
रस्त्यावरचे पांढरे पट्टे साबण समजून टाळायचे.
खड्डे मला पाठ आहेत,
पण सगळीकडे सारखंच तपकिरी पाणी भरलं
की पाठांतराला कोण विचारतं?
मी पुढच्या टॅक्सीची चाकं बघतो,
ती जिथे बुडतात तिथे मी जात नाही.

उतार आला की ती म्हणते, हळू.
सपाट आलं की म्हणते, अरे, लवकर.
मेंगोच्या चढणीवर काहीच म्हणत नाही,
तिथे माझी बॉक्सरच बोलते,
खोकत, शिव्या देत, पहिल्या गिअरमध्ये.

रुबागाच्या उतारावर रस्ता नव्हताच.
एक ओढा होता, त्यातून एक चप्पल चालली होती,
तिच्यामागून एक अख्खा फणस,
घाई नसल्यासारखा.
मी दोन्ही पाय सोडले.
मागचं चाक एकदा डावीकडे गेलं,
आणि आम्ही तिघं,
ती, मी, केक,
एका क्षणापुरते एकाच बाजूला कलंडलो.
पाठीला काहीतरी मऊ, थंड टेकलं.
मी वळून पाहिलं नाही.
तिनेही विचारलं नाही.

मांडवापाशी बायका गोमेसी गुडघ्यापर्यंत उचलून उभ्या.
तिने खोक्याचं झाकण बोटभर उघडलं,
आत पाहिलं, मिटलं.
नोटा ओल्या, एकमेकींना चिकटलेल्या,
सोलून सोलून मोजल्या.
मग म्हणाली, "जरा पाठ कर."
मी केली.
ती हसली. तोंडावर हात ठेवून, बराच वेळ.
"काय झालं?"
"काही नाही. जपून जा."

परतीच्या सगळ्या रस्त्यात
माझ्या मागचे लोक हॉर्न वाजवत नव्हते.
हे काहीतरी भलतंच होतं.

घरी नाबुकीराने जॅकेट काढून घेतलं,
आरशासमोर धरलं.
हिरवी अक्षरं, अर्धवट:
तोवू.
"कोण ही तोवू?"

मी खड्ड्यांपासून सांगायला सुरुवात केली,
मग पंपापासून, मग खुर्चीपासून.
केक मध्ये यायला फार वेळ लागला.
तिने सगळं ऐकून घेतलं.
तोपर्यंत अक्षरांचं पाणी होऊ लागलं होतं,
बाहीवरून खाली, माझ्या बुटांकडे.
तिने त्यात बोट बुडवलं, चाखलं.

"व्हॅनिला," ती म्हणाली.
"आणि थोडं पेट्रोल."